वय २५, पहिली गाडी आणि ५२ हजारांचा इन्शुरन्स

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २५, हिंजवडीत नोकरीला लागून दोन वर्षं झाली, लोन काढून ११९७ सीसीची पेट्रोल गाडी बुक केलीये, एक्स-शोरूम साडेआठ लाख, आणि शोरूमने इन्शुरन्सचे ५२,६८७ रुपये लावलेत. मावसभाऊ इंग्लंडला असतो, तो म्हणाला वय कमी असलं की प्रीमियम दुप्पट होतो, तर माझ्याही वयामुळेच एवढा लावलाय का, आणि तो कमी कसा करायचा?

मी १८ वर्षं पुण्यात मोटर सर्व्हेअर आहे, म्हणजे गाडी ठोकली की गॅरेजला येऊन, पार्ट न पार्ट बघून, कंपनीने किती पैसे द्यायचे आणि किती कापायचे हे लिहिणारा माणूस. पॉलिसी विकत नाही, त्यामुळे अमुक कंपनी घे असं काही सांगणार नाही. तुझ्याहून बराच मोठा आहे म्हणून सरळ अरेतुरे करतोय.

आधी वयाचं. नाही रे, वयामुळे नाही. तिकडे पॉलिसीवर गाडी कोण कोण चालवणार त्यांची नावं लिहून द्यावी लागतात आणि त्या माणसाचं वय, अनुभव, मागचे अ‍ॅक्सिडेंट बघून दर ठरतो, म्हणून तिथे नवीन लायसन्सवाल्या पोरांचे हाल होतात. आपल्याकडे पॉलिसी गाडीची असते. तू चालव, बाबा चालवू देत, मित्राला दे, चालवणाऱ्याचं लायसन्स व्हॅलिड असलं की झालं. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुझ्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या कव्हरचा दर तर सरकार ठरवतं, तो २५ वर्षाच्या पोराला आणि साठीच्या काकांना सेम टू सेम. ओडीमध्ये, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या कव्हरमध्ये, काही कंपन्या आतल्या गणितात वय वगैरे बघतात, पण त्याने तुझं बिल दुप्पट होत नाही. तुझं बिल फुगलंय ते दुसऱ्याच कारणांनी, आणि ती सगळी त्या कोटेशनच्या कागदावरच आहेत, फक्त तो कागद कुणी वाचत नाही.

तर तो कागद वाचू. नवीन गाडीची आयडीव्ही, म्हणजे चोरीला गेली किंवा पूर्ण गेली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम, एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, म्हणजे तुझी ८,०७,५००. २००७ च्या आधी ओडीचे दर सगळ्या कंपन्यांना एकच होते, त्याला टॅरिफ म्हणायचे. १ जानेवारी २००७ ला ते उठलं, पण बहुतेक ठिकाणी हिशोब अजून त्याच जुन्या तक्त्यापासून सुरू होतो आणि त्यावर कंपनी आपापलं डिस्काउंट देते. पुण्यासाठी, हजार ते पंधराशे सीसी, पाच वर्षांच्या आतली गाडी, तर तक्त्यातला दर ३.२८३ टक्के. तुझ्या आयडीव्हीवर होतात २६,५१० रुपये. तुझ्या कोटेशनमध्ये ओडीसमोर बरोब्बर हाच आकडा आहे बघ, म्हणजे डिस्काउंट शून्य! मग थर्ड पार्टी १०,६४०, मग झिरो डेप (पार्टच्या झिजेचे पैसे न कापणारं कव्हर), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस, कन्झ्युमेबल्स आणि मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असं मिळून ७,५००, झाले ४४,६५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ८,०३७, एकूण ५२,६८७.

आता हाच कागद ओडीवर ५० टक्के डिस्काउंट धरून कर, आणि नवीन गाडीला बाहेर कोटेशन मागितलं की एवढं डिस्काउंट मिळणं काही विशेष नाही. ओडी १३,२५५ होतो, बाकी सगळं तसंच, जीएसटी धरून एकूण ३७,०४६. एकही कव्हर कमी न करता १५,६४१ रुपये वाचले. तुझ्या वयाची बहुतेक पोरं करतात काय, की बिल बघून घाबरतात आणि मग एजंटला म्हणतात ते झिरो डेप काढा, ते इंजिनचं काढा, आणि जे काढायला पाहिजे होतं, म्हणजे तो डिस्काउंटचा घोळ, तो तसाच राहतो.

शोरूमवाला म्हणेल इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागतो. असा कुठलाही नियम नाही. डीलरने पॉलिसी विकण्याबद्दल आयआरडीएआयचे, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचे, नियम २०१७ पासून आहेत, आणि पॉलिसी कुठून घ्यायची हे गिऱ्हाईकाने ठरवायचं हेच त्यात धरलंय. दुसरं म्हणेल की बाहेरून घेतली तर कॅशलेस मिळणार नाही. हे मात्र तपासून घे, कारण कॅशलेस हे त्या वर्कशॉपचं आणि त्या कंपनीचं टाय-अप आहे की नाही यावर असतं, तू पॉलिसी कुणाकडून घेतलीस यावर नाही. तुझ्या घराजवळच्या सर्व्हिस सेंटरच्या बॉडीशॉपला फोन कर, विचार कुठल्या कुठल्या कंपन्यांचं कॅशलेस चालतं, त्या चार-पाच नावांतून कोटेशन घे आणि ते कोटेशन शोरूमच्या टेबलावर ठेव. नव्वद टक्के वेळा तिथल्या तिथे शोरूमचाच आकडा खाली येतो, हे मी स्वतः शेजारी बसून पाहिलंय, पुतण्याच्या गाडीला.

थर्ड पार्टीच्या १०,६४० ला हात लागत नाही, तो सगळीकडे तेवढाच. पण एक गोष्ट लक्षात घे, ते एका वर्षाचे नाहीत, तीन वर्षांचे आहेत. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. म्हणून पहिल्या वर्षीचा आकडा डोळ्यात भरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तुला फक्त ओडीची पॉलिसी घ्यायचीये, तिला स्टँडअलोन ओडी म्हणतात, आणि इथेच लोक फसतात. रिन्यूअलच्या फोनवर समोरचा फुल पॅकेज पॉलिसी काढून देतो, त्यात पुन्हा ३,४१६ ची थर्ड पार्टी असते, जी तू आधीच भरलीयेस. एकाच गाडीला दोन थर्ड पार्टी असलेल्या पॉलिस्या माझ्या हातात क्लेमच्या फाईलमध्ये येतात, वर्षाला पाच-सात तरी. रिन्यू करताना फक्त एवढं विचार, ह्यात टीपी धरलीये का? धरली असेल तर नको म्हण.

बुकिंग अजून बदलण्यासारखं असेल तर अजून एक. थर्ड पार्टीचे स्लॅब सीसीवर आहेत, १ जून २०२२ ला लागू झालेल्या दरांप्रमाणे हजार सीसीपर्यंत वर्षाला २,०९४, हजारच्या वर पंधराशेपर्यंत ३,४१६, पंधराशेच्या वर ७,८९७. आजकाल त्या ९९८-९९९ सीसीच्या टर्बो गाड्या आल्यात, चालवायला ११९७ पेक्षा जोरदार, पण इन्शुरन्सला सगळ्यात खालच्या स्लॅबमध्ये बसतात, तीन वर्षांचे ६,५२१. म्हणजे तुझ्यापेक्षा ४,११९ कमी, वर जीएसटी. इलेक्ट्रिकला थर्ड पार्टीत १५ टक्के सूट आहे. ह्याच्यासाठी गाडी बदल असं म्हणत नाही, पण दोन मॉडेलमध्ये अडकला असशील तर धरायला हरकत नाही.

गावाकडं पासिंग केलं तर स्वस्त पडतं असं ऑफिसात कुणीतरी सांगणारच. खरंय, पण किती ते बघ. ओडीच्या तक्त्यात दोन झोन आहेत, पुणे-मुंबईसकट आठ शहरं ए झोन, बाकी सगळा देश बी. साताऱ्याला पासिंग केलंस तर दर ३.१९१ टक्के, तुझ्या गाडीला ७४३ रुपयांचा फरक, डिस्काउंट धरलं तर निम्मा. एवढ्यासाठी आरटीओच्या कामाला साताऱ्याच्या चकरा मारायच्या असतील तर तू ठरव.

आता अ‍ॅड-ऑन, कारण ज्या जागी पैसे वाचवायला जातात तिथेच क्लेमच्या दिवशी पोरं रडकुंडीला येतात आणि समोर मी असतो. झिरो डेप म्हणजे काय ते एका बिलावर सांगतो. समजा गाडी अडीच वर्षाची, पुढून ठोकली, बिल आलं ४१,००० (जीएसटी सध्या बाजूला ठेव). त्यात बंपर ६,०००, ग्रिल आणि आतली प्लॅस्टिकची कव्हरं ४,०००, बॉनेट आणि फेंडर १४,०००, पेंटिंग १२,०००, लेबर ५,०००. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी ह्यांच्यावर सरसकट ५० टक्के कापतात, गाडी सहा महिन्यांची असो की चार वर्षांची. तर प्लॅस्टिकचे गेले ५,०००. पत्र्यावर दोन ते तीन वर्षाच्या गाडीला १५ टक्के, गेले २,१००. पेंटिंगच्या बिलातला पाव हिस्सा मटेरियल धरतात आणि त्यातलं निम्मं कापतात, गेले १,५००. वर पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला कम्पल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेमला स्वतः भरावीच लागणारी रक्कम, १,०००. खिशातून ९,६००. झिरो डेप असेल तर खिशातून ते हजार आणि कन्झ्युमेबल्स नसेल तर थोडं ऑइल-क्लिप्सचं वगैरे. काचेवर मात्र कापत नाहीत, ते लोकांना माहीतच नसतं, काच फुटली की घाबरून बाहेरून लोकल काच टाकून घेतात. पहिली चार-पाच वर्षं, त्यातून शिकाऊ हात आणि पुण्याचा ट्रॅफिक, झिरो डेप काढून टाकायचं नाही. वर्षात किती क्लेम चालतात ते फक्त बघून घे, बऱ्याच ठिकाणी दोनच असतात.

इंजिन प्रोटेक्टचं मी जरा तळमळीने सांगतो, कारण ते बघवत नाही. २५ जुलै २०२४, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, आठवत असेल. त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी फक्त बुडालेल्या गाड्या बघत होतो. एक पोरगा होता, असेल सव्वीसचा, गाडी अकरा महिन्यांची. पार्किंगमध्ये पाणी सीटपर्यंत आलेलं, दाराच्या आतल्या पॅडवर चिखलाची रेघ अजून ओली होती, सीटच्या रुळांत गाळ. पाणी उतरल्यावर त्याने, साहजिक आहे, बघू तरी चालू होते का म्हणून बटण दाबलं. एकदा नाही झाली, परत दाबलं. वर्कशॉपमध्ये एअर फिल्टर काढला तर हातात पिळता येईल एवढा ओला, प्लग काढून इंजिन फिरवलं तर भोकांतून पाणी उडालं, आणि पुढे उघडल्यावर एक कनेक्टिंग रॉड वाकलेला. पाण्यात बुडाली हा अपघात, तो कव्हर होतो, सीट, वायरिंग, कार्पेट सगळं मिळालं त्याला. पण पाणी आत असताना सेल मारल्याने इंजिन गेलं हे पुराने झालेलं नुकसान धरत नाहीत, पुढचं नुकसान धरतात आणि साध्या पॉलिसीत ते बाहेर आहे. दीड लाखाच्या वर इंजिनचं एस्टिमेट होतं. इंजिन प्रोटेक्ट त्याने हजार-अकराशे वाचवायला काढून टाकलेलं. मी रिपोर्टमध्ये जे दिसलं तेच लिहू शकतो, पण त्या दिवशी लिहिताना हात जड झाला होता. त्याला दोष देऊन काय करायचं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की पाण्यात राहिलेल्या गाडीचं बटण दाबायचं नाही, बॅटरीची वायर काढायची, फोटो काढायचे आणि टो करून न्यायची. तुला आता सांगितलं.

पुण्यात २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने एका रात्रीत काय केलं तेही आम्ही बघितलंय, त्यामुळे नदीकाठी, ओढ्याकाठी किंवा बेसमेंट पार्किंग असलेल्या सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही मी हे कव्हर काढून टाक म्हणून सांगणार नाही. चौथ्या मजल्यावरच्या पोडियम पार्किंगला गाडी लागत असेल तर एकवेळ विचार कर, पण ऑफिसला जाताना वाकडच्या अंडरपासमध्ये पाणी साठतं ते कुठे जाणार.

रिटर्न टू इनव्हॉइस म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला आणि गाडी टोटल लॉस धरली, तर आयडीव्हीऐवजी खरेदीची किंमत मिळते. लोनवर गाडी घेणाऱ्याला पहिली तीन वर्षं हे हवंच, कारण आयडीव्ही दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३० टक्के खाली येते आणि बँकेचं लोन तेवढ्या वेगाने उतरत नाही. गाडी गेलेली आणि हप्ते चालू, असं एक घर मी पाहिलंय. याच्याशीच जोडून, ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसणारं कोटेशन घेताना आयडीव्ही किती धरलीये ते बघ, बऱ्याचदा स्वस्त म्हणजे आयडीव्ही लाखभर खाली ओढलेली असते, दुसरं काही नाही.

व्हॉलंटरी डिडक्टिबलच्या नादी लागू नकोस. म्हणजे प्रत्येक क्लेमला पहिले एवढे पैसे मी भरीन असं सांगून प्रीमियम कमी करायचा. जुन्या तक्त्यात १५,००० स्वतःवर घेतले तर ओडीवर ३५ टक्के सूट, पण जास्तीत जास्त अडीच हजारच. अडीच हजारासाठी पंधरा हजार अंगावर, आणि तेही प्रत्येक वेळी. नवीन हात असताना पुढचा बंपर मे महिन्यात घासतो आणि मागचं दार ऑगस्टमध्ये, हे दोन वेगळे क्लेम असतात, एकाच क्लेममध्ये दोन्ही बसवून द्या म्हणून लोक आग्रह करतात, बसत नाहीत, घासलेल्या कडेचा गंज आणि धूळ बघूनच कळतं कुठलं जुनं आहे.

आणि म्हणूनच एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, समजून घे, कारण पुढच्या पाच वर्षांत तुझा इन्शुरन्स स्वस्त की महाग हे याच्यावर ठरणारे, वयावर नाही. क्लेम केला नाहीस तर ओडीवर पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्यानंतर ५०, तिथे थांबते. एक क्लेम केला की सरळ शून्य. समजा तुला ३५ टक्के चालू आहे, ओडी दहा हजार धर आणि सोपं जावं म्हणून दरवर्षी तेवढाच धर. आता क्लेम केलास तर पुढच्या वर्षी ४५ च्या जागी शून्य, गेले ४,५००. त्यापुढे ५० च्या जागी २०, गेले ३,०००. मग २,५००, मग १,५००, मग ५००. बेरीज १२,०००. म्हणजे दहा-बारा हजारांच्या आतलं बिल असेल तर स्वतः भर, क्लेम करू नकोस. वर्कशॉपचा सल्लागार म्हणेल साहेब इन्शुरन्स आहे ना, टाकू क्लेममध्ये, सगळं चकाचक करून देतो. त्याचं बिल मोठं होतं म्हणून तो म्हणतो, तुझी पाच वर्षं तो धरत नाही. आणि पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत रिन्यू झाली नाही की साठवलेली सगळी एनसीबी जाते. ऑनसाइट गेलेली पोरं यात सापडतात, गाडी पार्किंगला उभी म्हणून रिन्यू करत नाहीत, परत येतात तर ५० ची शून्य झालेली आणि वर गाडीचं इन्स्पेक्शन.

एनसीबी माणसाची असते, गाडीची नाही. बाबांनी जुनी गाडी विकली असेल आणि त्यांची ५० टक्के पडून असेल, तर कंपनीकडून एनसीबीचं लेटर घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं आणि त्यांच्याच नावावर घेतलेल्या नव्या गाडीला लागतं. म्हणून बरेच जण गाडी बाबांच्या नावाने घेतात, आणि पैशाच्या हिशोबाने ते बरोबरही आहे, तुझ्या १३,२५५ च्या ओडीवर निम्मे वाचतात. पण त्यात एक खाच आहे. तो १५ लाखांचा अपघात विमा मालक स्वतः गाडीत असेल त्याच्यासाठी, आणि मालकाकडे लायसन्स पाहिजे. गाडी बाबांच्या नावावर, चालवतोस तू, तुला काही झालं तर त्यातून छदाम मिळत नाही. थर्ड पार्टीतूनही नाही, कारण मालकाची गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी धरला जातो, हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच स्पष्ट केलंय. तर बाबांच्या नावाने घेतलीस तर तुझी स्वतःची चोवीस तासांची अपघात पॉलिसी काढ, आणि ऑफिसच्या ग्रुप कव्हरवर राहू नकोस, राजीनामा दिला की ते गेलं. उलट, गाडी तुझ्या नावावर आणि तुझी स्वतःची किमान १५ लाखांची अपघात पॉलिसी आधीपासून असेल, तर गाडीच्या पॉलिसीत तेच कव्हर परत घ्यायची सक्ती नाही, तेवढे पैसे वाचव.

बाबांची एनसीबी तुझ्या नावच्या गाडीला लावून देतो म्हणणारा एजंट भेटला तर उठून ये. क्लेमच्या वेळी आधीच्या कंपनीकडे खात्री होते आणि मग सगळाच क्लेम अडकतो.

तुझ्या प्रश्नात नाही, पण तुझ्या वयाची निम्मी पोरं सेकंडहँड घेतात म्हणून सांगतो. आरसी बुक नावावर केलं, पेढे वाटले, पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावाने. नवले पुलाच्या उतारावर मागून ट्रकने दाबलेली एक गाडी मी बघितली, घेऊन तीन महिने झालेले. गाडी विकली की थर्ड पार्टीचा भाग आपोआप नव्या मालकाकडे येतो, ओडीचा येत नाही, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावं लागतं, आणि जुन्या मालकाला मिळालेल्या एनसीबीचा फरक भरावा लागतो, हजार-दोन हजार. ते केलं नव्हतं. ओडी क्लेम नाकारला गेला आणि नियमाप्रमाणे तो नाकारणं बरोबरच होतं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

थर्ड पार्टी कशाला एवढी, असं वाटत असेल तर एक हिशोब बघ. पॉलिसी नसताना पकडलं तर २,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, पुढच्या वेळी ४,०००, ते सोड. तुझ्या गाडीने तुझ्यासारखाच एक २८ वर्षांचा, टॅक्स जाऊन वर्षाला १२ लाख कमावणारा, पर्मनंट नोकरीतला मुलगा गेला असं धर, आणि असं होऊ नये. अपघाताची भरपाई ठरवणारं ट्रिब्युनल त्याच्या पगारात भविष्यातल्या वाढीचे ५० टक्के मिळवतं, १८ लाख, लग्न झालेलं नसेल तर स्वतःच्या खर्चाचे निम्मे वजा, ९ लाख, आणि त्या वयाचा गुणक १७. १ कोटी ५३ लाख. पॉलिसी असेल तर जीवितहानीच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, कंपनी भरते. नसेल तर तुझ्या पगारातून आणि बाबांच्या घरातून. मात्र समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख असते आणि काही जण प्रीमियममध्ये शंभरेक रुपये कमी दिसावेत म्हणून ती ६,००० वर आणून ठेवतात. सहा हजारात समोरच्या गाडीचा हेडलाइट येत नाही. पॉलिसीवर टीपीपीडी रिस्ट्रिक्टेड असं कुठे लिहिलंय का बघ, असेल तर काढून टाकायला सांग.

कंपनीच्या बसने जातोस आणि गाडी फक्त शनिवार-रविवारी निघते असं असेल तर किलोमीटरवर चालणाऱ्या ओडी पॉलिसीचं कोटेशन माग, २०२२ च्या जुलैपासून आयआरडीएआयने त्याला परवानगी दिलीये. वर्षाला पाच हजारच्या आत चालणाऱ्याला फायदा होतो. किलोमीटर संपल्यावर टॉप-अप कसं करायचं ते आधीच विचारून ठेव, गावाला गणपतीला जाऊन आलं की हजार किलोमीटर सहज जातात. आणि गाडी मित्राच्या ओळखीने भाड्याने वगैरे देऊ नकोस, प्रायव्हेट पॉलिसीत ते चालत नाही.

आता शनिवारी शोरूमला जाशील तेव्हा ओडीच्या डिस्काउंटवर बोल, अ‍ॅड-ऑनवर नको. बाहेरची दोन कोटेशनं, आयडीव्ही आणि कव्हर सारखीच ठेवून, प्रिंट काढून ने, मोबाइलवर दाखवू नकोस, प्रिंट समोर असली की ते मॅनेजरला बोलावतात. पैसे भरल्यावर पॉलिसीची पीडीएफ डिलिव्हरीच्या आधी माग आणि चेसिस नंबर गाडीवरच्या प्लेटशी अक्षर न अक्षर जुळव, एक आकडा इकडचा तिकडे झाला की क्लेमच्या वेळी महिना जातो. नॉमिनीचा रकाना बरेचदा रिकामा असतो, तिथे आईचं नाव घाल. आणि लोन आहे म्हणून बँकेचं नाव हायपोथिकेशनमध्ये बरोबर शाखेसकट आलंय का ते बघ.